वायूने उचललेला दगड : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या शाळेत भूगोल शिकलेल्या कुणालाही विचारा, सह्याद्री लाव्हाचा आहे हे तो सांगेल. पण हा लाव्हा वर आला कसा, असं पुढे विचारलं की बहुतेक जण थबकतात. खाली उष्णता आहे म्हणून आला, एवढंच उत्तर मिळतं. उष्णतेने खडक वितळतो हे खरं. पण वितळलेला बेसाल्टही पाण्याच्या अडीचपटीहून जड असतो. तीस-तीस किलोमीटर खोलीवरून तो जमिनीपर्यंत चढतो, कधी जमिनीच्याही वर पाचशे-सहाशे मीटर उडतो, तो कुणाच्या जोरावर? आजूबाजूच्या घन खडकापेक्षा तो थोडा हलका असतो, त्यामुळे काही अंतर आपसूक चढतो. उरलेलं काम वायूचं. त्या वायूची मराठी वाचकाशी नीट ओळख व्हावी, यासाठी हे पुस्तक तयार केलं आहे.

यातले ज्वालामुखी सगळे समुद्रातल्या बेटांवरचे आहेत: हवाई, कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा, केप व्हर्दमधलं फोगो आणि हिंदी महासागरातलं रियुनियन. असं पुस्तक नवी मुंबईत बसून का करावं, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्या पायाखालीच आहे, म्हणून प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली तरी ते इथे सविस्तर देतो.

पारसिकच्या रांगेत, तुर्भ्यापासून खारघरपर्यंत, वर्षानुवर्षं दगडखाणी चालल्या. इथली खडी आणि इथला डबर आमच्या इमारतींत, रस्त्यांत, खाडीकाठच्या भरावात गेला. सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतर उभं राहिलेलं हे शहर बऱ्याच अंशी शेजारच्याच डोंगरांतून काढलेल्या दगडावर बसलं आहे. अलीकडे विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट केली गेली. डोंगर गेल्याचं दुःख आहेच. पण डोंगर कापला जातो तेव्हा त्याचं पोट काही काळ उघडं पडतं, आणि ते वाचायची सवय आपल्याला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

पावसाळा सरल्यावर, कडा धुऊन निघालेला असताना, अशा एखाद्या कापलेल्या भिंतीसमोर उभं राहावं. तळाशी घट्ट, काळा, हातोडी मारली की खणखणणारा पाषाण दिसतो. नजर वर नेली की त्यात बारीक भोकं दिसू लागतात, आणखी वर ती दाट होतात, आणि प्रवाहाच्या माथ्याशी तर दगड अगदी जाळीदार झालेला असतो. त्यावर पुष्कळदा विटकरी मातीचा एक पट्टा आडवा गेलेला असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात ऊन-पावसाने झिजलेला तो पृष्ठभाग. त्या पट्ट्यावर पुढचा प्रवाह बसलेला. आणि त्याच्या बुडाशी, नीट शोधलं तर, बोटभर लांबीच्या उभ्या नळ्या सापडतात. खालून निघालेला वायू थिजत चाललेल्या लाव्हातून वर घुसला, त्याची ती वाट. एकेक भोक म्हणजे एकेक बुडबुडा. लाव्हा पातळ होता तेव्हा बुडबुडे वर चढत होते. लाव्हा थिजला आणि ते होते तिथेच राहिले. वायू निघून गेला, त्याची जागा तेवढी उरली.

पुढे त्या पोकळ्यांत कोमट पाणी झिरपलं, त्यातून पांढरी-हिरवी खनिजं साचली. विहिरी खणणारी माणसं अशा ठिपकेदार, जरा मऊ खडकाला मांजऱ्या म्हणतात. काळा पाषाण लागला की त्यांचं तोंड उतरतं आणि मांजऱ्या लागला की काम सोपं होतं. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघालेली निळी कॅव्हनसाइट आणि हिरवी अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. आपल्याकडे सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे गेलेला माणूस स्फटिक बघून हरखतो, आणि हरखावंच. पण स्फटिक नंतर आले. ते ज्या घरात वाढले ते घर आधी वायूने बांधलं.

हा वायू म्हणजे मुख्यतः पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू. वजनाने पाहिलं तर बेटांवरच्या शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, त्यांचा वाटा थोडाच, शंभरात एखाद-दुसरा भाग. खोलवर प्रचंड दाब असतो आणि त्या दाबाखाली हे वायू शिलारसात विरघळून राहतात. त्यांचं अस्तित्व जाणवतही नाही. शिलारस वर चढू लागला की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी आत ढकलल्यावर जे होतं तेच इथेही होतं, आणि सोडा जसा वायूमुळेच बाटलीबाहेर उसळतो तसाच शिलारसही उसळतो. फरक प्रमाणाचा आहे. पंचवीस-तीस किलोमीटर खोलीवर सुटलेला कार्बन डायऑक्साइडचा बुडबुडा जमिनीपर्यंत पोचेतो हजारो पट फुगलेला असतो.

सगळे वायू एकाच खोलीवर सुटत नाहीत, आणि या पुस्तकाचा गाभा या एका गोष्टीत आहे. दोन-तीन किलोमीटर खोलीच्या दाबाखाली बेसाल्टी शिलारसात वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी मावू शकतं. त्याच खोलीवर कार्बन डायऑक्साइड किती मावतो ते टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावं लागतं. म्हणजे पाणी शेवटच्या काही किलोमीटरांपर्यंत दम धरतं. कार्बन डायऑक्साइड मात्र फार खाली, भूकवचाच्याही खाली, प्रावरणात असतानाच सुटू लागतो. जिथे प्रावरणाचा थोडाच अंश वितळतो तिथे तर हा वायू त्या थोड्याशा रसात एकवटतो. कॅनरी आणि केप व्हर्द ही अशी बेटं आहेत. त्यांच्याखालचा शिलारस वर निघतो तोच मुळी बुडबुडे घेऊन.

पुढे काय होणार ते वेगावर ठरतं. शिलारस रेंगाळत चढला तर बुडबुडे त्याला मागे टाकून भेगांतून निसटतात आणि लाव्हा मुकाट वाहतो. तो झपाट्याने चढला तर बुडबुड्यांना निसटायला वेळच मिळत नाही. ते फुगतात, एकमेकांना भिडतात, आणि एकूण आकारमानाच्या सत्तर-पंच्याहत्तर टक्के जागा वायूने व्यापली की रसाचा फेस फुटतो. आता वाहतो तो वायू, आणि रसाचे तुकडे त्याच्यासोबत उडतात. राख, सच्छिद्र खडे, कारंजी, स्फोट हे सगळं त्या फुटण्यातून येतं.

बेटांवरच्या ज्वालामुखींना एक शांतपणाची ख्याती चिकटलेली आहे. हवाईचा लाव्हा पर्यटक जवळ जाऊन बघतात, त्यामुळे तो निरुपद्रवी असल्याचा समज झाला. याच हवाईतल्या किलाउआने १७९० मध्ये स्फोटक उद्रेक केला आणि त्या वाटेने निघालेल्या केओउआ या सरदाराच्या सैन्यातली पुष्कळ माणसं त्यात मेली. १९५९ मध्ये किलाउआ इकी विवरातून लाव्हाचं कारंजं ५८० मीटर उंच गेलं. सव्वादोनशे-अडीचशे मीटरच्या दोन गगनचुंबी इमारती एकावर एक ठेवल्या तरी त्याला पुरत नाहीत. आतल्या वायूखेरीज एवढ्या उंचीवर वितळलेला खडक फेकणारं तिथे दुसरं काहीही नव्हतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगातल्या हुंगा ज्वालामुखीचा ढग ५७ किलोमीटर उंच गेला. त्यात उथळ समुद्राचं पाणी तापलेल्या रसावर आदळण्याचा मोठा भाग होता. आइसलँडजवळ १९६३ मध्ये सुर्टसी बेट समुद्रातून वर आलं तेव्हाचे स्फोटही पाण्याचेच. आपल्या अंदमानातल्या बॅरन आयलंडची जातकुळी आणखी निराळी. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो आणि घुसताना समुद्रतळाचं पाणी सोबत घेऊन जातो. या पुस्तकाचा विषय तिसराच आहे: भूपट्टाच्या मध्यभागी, कुठल्याही सीमेपासून दूर, प्रावरणातून स्वतःचाच वायू घेऊन येणारा शिलारस.

तो खरोखर प्रावरणातून थेट येतो का, यावर बरीच वर्षं वाद होता. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रात ज्वालामुखीच्या पोटात, दोन-चार किलोमीटरवर, रसाची एक कोठी काढलेली असते. २०२३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या शार्लट डेव्हिट्रे, एस्तेबान गाझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोगोच्या जुन्या स्फोटक उद्रेकातले स्फटिक तपासून वेगळं चित्र मांडलं. त्यांची पद्धत मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. शिलारसात स्फटिक वाढत असताना त्यात कधी कधी एखादा सूक्ष्म बुडबुडा अडकतो, केसाच्या जाडीहूनही लहान. त्यातला कार्बन डायऑक्साइड अडकतेवेळच्या दाबाने दाबलेला राहतो. त्यावर लेझरचा किरण सोडला की परत येणाऱ्या प्रकाशात या वायूची दोन शिखरं उमटतात, आणि वायू जितका घट्ट दाबलेला तितकं त्या शिखरांमधलं अंतर वाढतं. अंतरावरून घनता, घनतेवरून दाब, दाबावरून खोली. फोगोच्या स्फटिकांनी वीस ते तीस किलोमीटर खोली सांगितली. तो रस मधल्या कुठल्या उथळ कोठीत मुक्कामाला थांबला नव्हता. प्रावरणातून निघाला तो थेट बाहेर फुटला, आणि त्याला वर ढकलणारा कार्बन डायऑक्साइड होता.

आता आपल्या दगडाकडे वळतो. दख्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. भूवैज्ञानिकांनी त्याच्या थरांना दिलेली नावं खालून वर वाचत जावीत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. कर्जतच्या लोकलने जाणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या माणसाला यातली बरीचशी ओळखीची आहेत. जगातल्या कुठल्याही भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला दख्खन शिकायचा तर ही गावं उच्चारावी लागतात. आपल्या मुलांना ती स्टेशनं किंवा सहलीची ठिकाणं म्हणूनच ठाऊक असतात. त्यांची ही दुसरी ओळखही शाळेतच व्हायला हवी.

हे थर सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचे. बहुतांश लाव्हा लांबच लांब भेगांतून आला आणि दूरवर पसरला; काही प्रवाह तर घाटमाथ्याकडून आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, हजारेक किलोमीटर गेल्याचं मानलं जातं. भेगांच्या तोंडाशी वायूची कारंजी असणारच. स्फोटापेक्षा त्या वायूचं एकूण प्रमाण जास्त परिणाम करून गेलं. अंदाज यावा म्हणून आइसलँडच्या लाकीचं उदाहरण घेऊ. १७८३-८४ मध्ये तिथल्या भेगेतून पंधरा घन किलोमीटरच्या आसपास लाव्हा आला आणि सुमारे बारा कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. गवत विषारी झालं, जनावरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडमधली जवळजवळ पाचवा हिस्सा माणसं दगावली. दख्खनच्या एकेका मोठ्या उद्रेकातला लाव्हा हजार घन किलोमीटरच्या घरातला असल्याचं मानतात. डायनोसॉरांच्या अंतात मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीचा वाटा किती आणि या वायूचा किती, हा वाद अजून चालू आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दख्खनच्या तारखा छापल्या. त्यातल्या एका गटाने त्या प्रवाहांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यांतल्या झिरकॉनच्या कणांवरून काढल्या होत्या. दोघांचे निष्कर्ष पुरते जुळले नाहीत.

मुंबईच्या बाजूचा खडक घाटावरच्या खडकाहून थोडा उशिराचा आणि बराच निराळा. घाटावर आडवे असलेले थर पनवेलजवळ पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात. जे. बी. ऑडन या भूवैज्ञानिकाने १९४९ मध्ये या बाकाला पनवेल फ्लेक्शर असं नाव दिलं, आणि आमच्या गावाचं नाव जगाच्या भूशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं. भारताचा पश्चिम किनारा तुटून वेगळा झाला तेव्हा कवच इथे वाकलं. त्या किनाऱ्यालगत, सुमारे सहा कोटी वीस लाख वर्षांपूर्वी, मनोरी-गोराईच्या भागात ट्रॅकाइटसारखे फिकट, चिकट रस वर आले. मुंबईच्या जुन्या इमारतींमधला पिवळसर मालाड स्टोन याच कुळातला. मुंबई बेटांवर राखेचे थर आहेत, पाण्यात शिरून तुकडे-तुकडे झालेल्या लाव्हाचे थरही आहेत. सेंट झेविअर्स महाविद्यालयाचे प्रा. सुखेश्वाला यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर त्यांचा चिकाटीने अभ्यास केला. म्हणजे वायूने आणि पाण्याने लाव्हा फुटून उडण्याच्या ज्या क्रियांचं वर्णन पुढच्या प्रकरणांत दूरच्या बेटांच्या संदर्भात येणार आहे, त्या लोकल रेल्वेच्या हद्दीतही घडून गेल्या आहेत.

आणि दूरच्या त्या बेटांपैकी एक तर थेट नात्यातलं आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना ज्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे प्रावरणातून उठणाऱ्या झोताच्या जागेवरून, तो गेला, त्यानेच आधी दख्खनचा लाव्हा दिला, मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या खाली गाडलेली ज्वालामुखींची रांग उभारली, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. १९८७ मध्ये ‘जॉइडिस रिझोल्युशन’ या जहाजाने या रांगेत समुद्रतळ खोदून नमुने काढले. जसजसं दक्षिणेला जावं तसतसं खडकाचं वय कमी होत गेलेलं दिसलं. आमच्या नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे, आणि या कहाणीत चुंबकत्वाचीही साक्ष आहे. थिजताना लाव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा स्वतःत धरून ठेवतो. १९५० च्या दशकात दख्खनचे दगड मोजले गेले तेव्हा कळलं की ते थिजले त्या वेळी ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

पण नात्याचा मला सर्वांत पटणारा पुरावा वायूनेच दिला आहे. हेलियमचे दोन प्रकार असतात. हेलियम-४ खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून आजही तयार होत राहतो. हेलियम-३ मात्र बव्हंशी पृथ्वीच्या जन्मापासूनचा, खोल प्रावरणात अडकून राहिलेला. रियुनियनच्या स्फटिकांत या दोहोंचं गुणोत्तर हवेतल्या गुणोत्तराच्या बारा-तेरा पट भरतं. १९९३ मध्ये असीष बसू आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू इथल्या खडकांत ते दहा ते चौदा पट असल्याचं दाखवलं. हे खडक दख्खनचा मुख्य लोंढा येण्याच्या आधीचे. दोन ठिकाणी एकाच खोलीचा श्वास सापडावा तसं हे आहे. सगळ्यांना मात्र हे मान्य नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. हेतू शेठ यांनी दख्खनपासून रियुनियनपर्यंत प्रावरणातून उठणाऱ्या अशा झोताचा पुरावा मिळत नाही, दख्खनची कहाणी भूपट्टाच्या ताणातून आणि फाटण्यातून समजते, अशी मांडणी सविस्तर केली आहे. पनवेलचं वाकलेलं कवच पाहिलं की त्यांच्या म्हणण्यातला जोर जाणवतो. माझा कल हेलियमकडे आहे, पण वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात.

मॉरिशसचा उल्लेख वर झाला, आणि मराठी वाचकासाठी तिथे थांबायलाच हवं. १८३४ पासून हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर त्या बेटावर गेले; पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते. उसाची लागवड करायची तर आधी जमीन मोकळी करावी लागे, कारण ती जमीन लाव्हाच्या दगडांनी भरलेली होती. मजुरांनी हातांनी ते दगड उचलले आणि शेतांतच रचून ठेवले. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत ते काळे ढीग आजही उभे आहेत. साताऱ्याकडच्या माणसाला तो दगड नवा वाटला नसेल. एका हॉटस्पॉटने कोट्यवधी वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी ओतलेला बेसाल्ट. एका ठिकाणची माणसं समुद्र ओलांडून गेली आणि दुसऱ्या ठिकाणी तोच दगड त्यांच्या खांद्यावर आला. या पुस्तकाचं काम हाती घेण्यामागे ही एक गोष्ट माझ्या मनात सतत होती.

मॉरिशसवर वायूच्या खुणाही स्पष्ट आहेत. क्युरपिप गावातलं त्रू ओ सेर्फ हे विवर म्हणजे वायूने फेकलेल्या सच्छिद्र खड्यांचा शंकू आहे. महाशिवरात्रीला लाखो भाविक ज्या गंगा तलावावर कावड घेऊन चालत जातात, तोही एका ज्वालामुखीच्या विवरातच साठला आहे. मॉरिशस आता शांत आहे. रियुनियन नाही. तिथला पितों द ला फुर्नेज हा २६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. वर्षाला सरासरी दोनेक उद्रेक होतात. एप्रिल १९७७ मध्ये लाव्हा नेहमीच्या निर्जन भागाबाहेर येऊन पितों सेंत रोज गावात शिरला, घरं गेली, आणि प्रवाह चर्चच्या दारात येऊन थांबला. त्यानंतर तिथे वेधशाळा उभारण्यात आली. एप्रिल २००७ मध्ये शिखरावरच्या दोलोमिउ विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला.

त्या वेधशाळेत भूकंपमापक आणि जमीन फुगल्याचं मोजणारी यंत्रं आहेतच; त्यांच्या जोडीला ज्वालामुखीच्या उतारांवर, शिखरापासून दूर, मातीतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड सतत मोजला जातो. कारण रस अजून खूप खाली असताना हाच वायू त्याला सोडून पुढे निघतो आणि भेगांतून मातीपर्यंत पोचतो. मातीतला हा झिरपा वाढला की खोलवर नवा रस भरला जात असल्याची ती आगाऊ वर्दी असते, शिखराखालची जमीन हलण्याच्या कितीतरी आधी. लाव्हाची भीती असलेल्या गावाला हे मोजमाप किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

ला पाल्मावर अशी वर्दी कशी आली ते पाहण्यासारखं आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात तिथे वीस-तीस किलोमीटर खोलीवर बारीक भूकंपांचे थवे नोंदले गेले. मग चार वर्षं अधूनमधून तसंच चालू राहिलं. ११ सप्टेंबर २०२१ ला भूकंप एकदम दाट आणि उथळ झाले. १९ सप्टेंबरला दुपारी जमीन फाटली. म्हणजे खालची चाहूल चार वर्षांची, आणि शेवटची चढण आठ दिवसांची. हजारो माणसं वेळेत हलवता आली, पण १३ डिसेंबरला उद्रेक थांबेपर्यंत दोन हजारांहून अधिक इमारती लाव्हाखाली गेल्या होत्या. फोगोवर नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात पोर्तेला आणि बांगाएरा ही दोन गावं अशीच गाडली गेली. उद्रेक थांबल्यावर तिथली माणसं त्याच विवरात परतली, त्यांनी पुन्हा घरं बांधली आणि राखेत द्राक्षांचे वेल लावले.

खोलवर सुटलेल्या वायूपासून उद्रेकापर्यंत कुठे चार वर्षं जातात, कुठे आठवडे, कुठे त्याहूनही कमी. हा फरक कशाने पडतो, आणि मातीतला झिरपा व स्फटिकातले बुडबुडे एकत्र वाचले तर तो आधी ओळखता येईल का, याच प्रश्नाभोवती पुढची प्रकरणं रचली आहेत. पहिलं प्रकरण १९७७ च्या पितों सेंत रोजपासून सुरू होतं.